अमेरिकन फुटबॉलमधल्या सिनसिनाटी बेंगल्सच्या ढिसाळ ऑफेन्सिव्ह लाइनला (पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीला) जबाबदार कोण: कोच, खेळाडू की मॅनेजमेंट?

माझ्या मते सगळ्यात मोठा वाटा मॅनेजमेंटचा. लाइन कोच पाय कसे टाकायचे, हात कुठे लावायचे ते शिकवेल. पण ताकदीचा टॅकलच (या फळीच्या टोकाचा खेळाडू) हाताशी दिला नाही तर तो तरी काय करणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

सिनसिनाटीचंच बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये क्वार्टरबॅक जो बरोचा गुडघा गेला. पुढच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पाचव्या क्रमांकावर पेनेई सूअलसारखा टॅकल समोर असताना त्यांनी पास झेलणारा रिसीव्हर जामार चेस घेतला. चेस सोनं निघाला, मान्य. पण २०२१ च्या मोसमात बरो साखळी सामन्यांतच ५१ वेळा सॅक झाला (पास टाकण्याआधीच पाडला गेला), टेनेसीविरुद्धच्या प्लेऑफमध्ये ९ वेळा (तरी जिंकले, कमाल आहे!) आणि सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, ७ वेळा. तो सामना रॅम्सनी २३-२० असा नेला.

अर्थात प्रत्येक सॅक लाइनच्या माथी मारू नका. मोठ्या पासच्या नादात बरो स्वतःही बॉल जास्त वेळ धरून ठेवायचा. आणि मुख्य कोच झॅक टेलर पाचच जण अडवायला ठेवून बाकी सगळ्यांना पुढे पळवणार असतील, तर एकजण चुकला की खेळ खलास.

२०२२ मध्ये लाइनसाठी कॅपा, कॅरस आणि कॉलिन्स असे तिघे आणले, सॅक ४१ वर आले. मग प्लेऑफच्या तोंडावर कॅपा आणि कॉलिन्स दोघंही जखमी. त्याला मात्र कुणाचाच इलाज नव्हता.