सहावी-सातवीला ‘चल’ शिकवताना

सर, पहिल्याच तासाला चलाची, म्हणजे बदलत्या संख्येसाठी वापरलेल्या अक्षराची, व्याख्या लिहून देऊ नका. मोंढ्यातलं (धान्यबाजारातलं) सोयाबीन घ्या: सगळे कट्टे (पोती) सारख्याच वजनाचे, एका कट्ट्यात म किलो. 5 कट्टे आणि वर 8 किलो सुटं, म्हणजे एकूण 5म + 8 किलो. आता म = 50, 60, 65 असा तक्ता पोरांकडूनच भरून घ्या: 258, 308, 333. चल बदलतो म्हणजे काय, ते इथं दिसतं.

अक्षर ‘क’ मुद्दाम घेतलं नाही. क घेतला की पोरं 5क म्हणजे ‘पाच कट्टे’ असं वाचतात. अक्षर वस्तूसाठी नसतं, संख्येसाठी असतं. ही गफलत राहिली की पुढं समीकरण मांडताना हमखास नडते.

दोन चुका येणारच. म = 60 ठेवल्यावर कुणीतरी 560 + 8 लिहील, कारण 5 आणि म यांच्यातला गुणाकार दिसत नाही. सुरुवातीला फळ्यावर 5 × म असंच लिहा, चिन्ह नंतर गाळा. दुसरी चूक 13म, म्हणजे 5 आणि 8 मिळवून त्याला म जोडणं. उत्तर एकाच पदात हवं, ही अंकगणितातली सवय. लगेच खोडू नका. 13 × 60 = 780 काढायला लावा, ते 308 शी जुळत नाही हे त्यांनाच सापडू द्या. सजातीय पदांची (5म, 3म अशा एकच अक्षर असलेल्या पदांची) बेरीज त्यानंतरच.