गाडी मागून बसलीय, म्हणून ठेव मोडायची का?

प्रश्न थोडक्यात असा: धायरीच्या एका वाचकांकडे २०१२ ची थार आहे. गाडी मागून बसल्यासारखी दिसते. गॅरेजवाल्याने दोन इंची लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच), नवे शॉकअप आणि मजुरी मिळून ८५ हजार सांगितले. हाताशी तीन लाखांची मुदत ठेव आहे, सात टक्क्यांची, अडीअडचणीसाठी राखलेली. ती मोडावी, की १३ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज घ्यावं? जूनमध्ये मुलीची अकरावीची फी भरायची आहे.

तुमच्या पत्रात पैशांचे सगळे आकडे आहेत, गाडीचा मात्र एकही नाही. किती बसलीय? डाव्या अंगाला की उजव्या? ‘डोळ्यांना दिसतंय’ एवढ्यावर ८५ हजार काढू नका. मी स्वतः हा मूर्खपणा करून बसलोय. माझी जिप्सी अशीच बसली होती, तेव्हा मी चारही शॉकअप बदलून घेतले. गाडी होती तिथेच! वजन पाटे (लीफ स्प्रिंग) पेलतात, शॉकअप फक्त हेलकावे आवरतात, हे मला बिल भरल्यावर कळलं.

तेव्हा रविवारी सकाळी टेप घेऊन खाली उतरा. आधी चारही टायरची हवा ठरलेल्या आकड्यावर आणा. मग गाडी दोन हात पुढे-मागे घ्या आणि मागचा बंपर दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे पाट्यांच्या टोकाचे हलते सांधे, शॅकल, कुठे अडकले असतील तर मोकळे होतील. आता मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या, दोन्ही बाजूंचं. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची झीज मिसळते. आणखी एक गोष्ट: सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो. म्हणून गाडी उलट तोंड करून त्याच जागी लावा, पुन्हा मोजा आणि सरासरी काढा.

हे झालं की गाडी रिकामी करा. तुम्हीच लिहिलंय की मागे लोखंडी बंपर, टूलबॉक्स आणि दोन जेरीकॅन कायम असतात. बंपर राहू दे, बाकीचं उतरवा आणि परत मोजा. मागची बाजू चांगली वर आली, तर तुमचा बराचसा प्रश्न फुकटात सुटला. ताम्हिणीला जाताना सामान चढवायचं, आल्यावर उतरवायचं. (दोन जेरीकॅन धायरी ते ऑफिस कशासाठी फिरतात, हे मला अजून कळलेलं नाही.)

डाव्या-उजव्यात पाच-दहा मिलिमीटरचा फरक असेल तर मी तो मनावर घेणार नाही. वीस-पंचवीस निघाला, तर गाडी रॅम्पवर चढवून पाटे धुऊन बघायला सांगा. पाटे एकत्र आवळणाऱ्या सेंटर बोल्टच्या आसपास गंजाची बारीक रेघ दिसली तर पाटा तडकलेला असू शकतो. तसं असेल तर ठेवीतून बेधडक पैसे काढा आणि पाटे बदला, फीचं नंतर बघू. घाटात पाटा तुटणं हीच ती अडीअडचण, तिच्यासाठीच ती ठेव आहे. मात्र त्यासाठी लिफ्ट किट लागत नाही.

दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील, तर त्याच मॉडेलच्या एखाद्या सुस्थितीतल्या गाडीवर तेच माप घ्या आणि ताडून पाहा. पाटे खरंच थकले असतील तर नाना पेठेत नव्या संचाचा भाव विचारा. जुन्यांनाच पुन्हा कमान देऊन घेणं स्वस्त पडतं, पण काम नीट झालं नाही तर पाटे लवकरच परत बसतात. मी नवेच घेतले असते.

आता ८५ हजारांकडे येऊ. वैयक्तिक कर्ज दोन वर्षांचं घेतलंत तर हप्ता साधारण ४,०४० चा, म्हणजे १२ हजार नुसतं व्याज. ठेव मोडलीत तर व्याजदर कमी धरतात, वर बहुतेक बँका दंडही लावतात. त्यापेक्षा ठेवीवरच ओव्हरड्राफ्ट मागा, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर उचल. बँक बहुधा ठेवीच्या दरावर टक्का-दोन टक्के जादा लावते, आणि तुमची ठेव सात टक्के कमावत राहते. फक्त तेवढी रक्कम बँकेकडे अडकते, आणि जूनची फी समोर आहे हे विसरू नका.

लिफ्टचा विचार मी यंदा तरी बाजूला ठेवला असता. तुमच्या विमा पॉलिसीत गाडीची किंमत ३ लाख २० हजार आहे, म्हणजे तुम्ही तिच्या चौथ्या हिश्शाहून जास्त पैसे तिच्या खाली घालायला निघालाय. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करू देत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलं. विमा कंपनीला दावा अडवायला निमित्त मिळतं ते वेगळंच. २०२७ ला गाडीला पंधरा वर्षं होतील. तेव्हा आरटीओत फेरनोंदणीचे ५ हजार, पर्यावरण कर आणि तपासणी येईल. ती रक्कम आतापासून वेगळी काढायला लागा.

रिकाम्या गाडीची दोन आणि भरलेल्या गाडीची दोन, अशी चार मापं मिलिमीटरमध्ये कळवा. नाना पेठेतला पाट्यांचा भावही सोबत लिहा.