आखाड्याबाहेरून: ईसीडब्ल्यूचा शेवटचा शो नेमका कुठला?

मागच्या अंकात खासबागेच्या कुस्ती मैदानावर लिहिताना जाता जाता ईसीडब्ल्यूचं नाव घेतलं होतं, म्हणजे फिलाडेल्फियाची ती काठ्या, टेबलं, काटेरी तारवाली रेसलिंग कंपनी, एक्स्ट्रीम चॅम्पियनशिप रेसलिंग. आणि कुस्तीची पत्रं राहिली बाजूला, निम्म्या लोकांनी तेच विचारलंय. म्हणून ह्यावेळी सगळी उत्तरं त्यावरच, एकदा काय ते होऊन जाऊ दे.

सर, आमच्या कट्ट्यावर पैज लागल्या मिसळीची. मी म्हणतोय ईसीडब्ल्यूचा शेवटचा शो न्यूयॉर्कचा, गिल्टी ॲज चार्ज्ड. मित्र म्हणतोय खरा फेअरवेल म्हणजे २००५ चा वन नाइट स्टँड. कोण जिंकलं?
*– कॉलेजचा विद्यार्थी, शिवाजी पेठ*

भावा, मिसळ दोघांनी मिळून खावा आणि बिल निम्मं निम्मं करा, कारण कोणच जिंकलेलं नाही.

गिल्टी ॲज चार्ज्ड झाला ७ जानेवारी २००१ ला. तो शेवटचा पे-पर-व्ह्यू, पैसे भरून टीव्हीवर बघायचा तो मोठा शो. पण त्याच आठवड्यात कंपनीने अजून दोन शो केले, १२ तारखेला मिसुरी राज्यात पॉप्लर ब्लफला आणि १३ ला आर्कान्सामधल्या पाइन ब्लफला. हे हाउस शो, टीव्हीसाठी नसलेले, गावोगाव फिरून तिकिटावर करायचे. पाइन ब्लफ झालं आणि संपलं. ना निरोपाचं भाषण, ना पोस्टरवर 'शेवटचा प्रयोग' असं काही. ११ मार्चला पुढचा पे-पर-व्ह्यू ठरलेला होता की, लिव्हिंग डेंजरसली नावाचा, तो फेब्रुवारीत रद्द झाला, आणि ४ एप्रिलला कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात. म्हणजे पाइन ब्लफला ज्यांनी तिकीट काढलं त्यांनी इतिहास बघितला, पण त्या रात्री ते नेहमीसारखा एक शो बघून घरी गेले असणार.

आता न्यूयॉर्कच्या शोबद्दल तुझं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. तिथं निरोपाचा वास होताच. सँडमन, तो हातात वेताची काठी आणि बिअर घेऊन गर्दीतनं येणारा, त्याने स्टीव्ह कोरिनो आणि जस्टिन क्रेडिबलला टेबल, शिडी, खुर्च्या, काठ्यांच्या मॅचमध्ये हरवून चॅम्पियनचा पट्टा घेतला, आणि लोकांनी नीट टाळ्या वाजवायच्या आत रायनो आला आणि त्याने लगेच तिथंच सँडमनला टेबलातनं घालून पट्टा काढून घेतला. जुना माणूस मिनिटांत राजा झाला आणि मिनिटांत गेला. मग शेवटची मॅच रॉब व्हॅन डॅम आणि जेरी लिनची, ह्या जोडीने १९९९ पासून एकमेकांविरुद्ध ज्या मॅच दिल्या त्या बघितल्या नसतील तर आधी त्या बघ आणि मग पैजा लाव.

२००५ चं म्हणशील तर तुझ्या मित्राला एवढंच सांग की वन नाइट स्टँड हा ईसीडब्ल्यूचा शोच नव्हे, तो डब्ल्यूडब्ल्यूईचा शो. त्यांनी २००३ मध्ये ईसीडब्ल्यूचं नाव आणि टेपा विकत घेतल्या होत्या. शो भारीच झाला, हॉल तोच न्यूयॉर्कचा हॅमरस्टीन बॉलरूम, पब्लिक पण तेच वेडं, पण मालक दुसरा. त्याच्या दोनच दिवस आधी, १० जून २००५ ला, ईसीडब्ल्यूचा जुना चॅम्पियन शेन डग्लसने पुढाकार घेऊन फिलाडेल्फियात ईसीडब्ल्यू अरेनाला हार्डकोर होमकमिंग नावाचा शो लावला. नाव वापरायची परवानगी नाही, पट्टा नाही, पण जागा घरची आणि माणसं घरची. मेन इव्हेंटला डग्लस, टेरी फंक आणि साबू, रिंगच्या दोऱ्या काढून काटेरी तार. हीच तीन माणसं फेब्रुवारी १९९४ मध्ये तासभर लढून बरोबरीत सुटली होती आणि त्या रात्रीपासनं कंपनीचं नाव झालं होतं. ह्यावेळी साबू जिंकला. मला विचारशील तर निरोप हा. अकरा वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेली मॅच निकालात निघाली, आणि ती पण मालकाशिवाय.

(ह्याच नावाने त्यांनी त्याच वर्षी अजून शो लावले ही गोष्ट वेगळी. त्यावर खाली एकांनी विचारलंयच.)

एवढं नाव होतं तर कंपनी बुडली कशी? टीव्हीवर होती, व्हिडिओ गेम होता, टी-शर्ट विकले जायचे.
*– एक व्यापारी, लक्ष्मीपुरी*

दुकान चालवता म्हणून हिशेबच सांगतो. दिवाळखोरीच्या कागदात मालमत्ता दाखवली १३,८५,५०० डॉलर आणि देणी ८८ लाख ८१ हजार डॉलरच्या वर. मालमत्तेतली मोठी रक्कम तर येणी होती, म्हणजे पे-पर-व्ह्यूवाले, गेमवाले, खेळण्यातले पुतळे करणारे यांच्याकडनं यायचे पैसे. टेपांची लायब्ररी ५ लाखाला धरलेली. एक १९९८ सालचा फोर्ड ट्रक, १९,५०० डॉलर. आणि तुम्ही म्हणताय ते टी-शर्ट वगैरे शिल्लक माल, ४,००० डॉलर. देण्यांच्या यादीत रॉब व्हॅन डॅमचे दीड लाख, टॉमी ड्रीमरचे एक लाख. पोरं आठवड्याला पाठी फोडून घेत होती आणि पगार असा तुंबलेला, चेक बाउन्स व्हायचे हे त्यांनीच नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय.

कारणं म्हणाल तर एक टीव्ही. ऑगस्ट १९९९ ला टीएनएन नावाच्या चॅनेलवर देशभर शो सुरू झाला, सगळ्यांना वाटलं आता सुटलो. पण चॅनेलने जाहिरात फारशी केली नाही, आणि वर्षभरात त्याच चॅनेलला डब्ल्यूडब्ल्यूएफचा (म्हणजे आत्ताची डब्ल्यूडब्ल्यूई) आठवड्याचा शो रॉ मिळाला, मग ह्यांना कोण ठेवून घेतंय, ऑक्टोबर २००० मध्ये बाहेर. दुसरं म्हणजे माणसं. डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि डब्ल्यूसीडब्ल्यू ह्या मोठ्या दोन कंपन्या ह्यांच्याकडं तयार झालेला माल उचलून न्यायच्या. एप्रिल २००० चा किस्सा तर असा की चॅम्पियन माइक ऑसम पट्टा अंगावर असतानाच डब्ल्यूसीडब्ल्यूत गेला, मग तो पट्टा सोडवायला डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये गेलेला टॅझ उसना आणला, आणि इंडियानापोलिसला डब्ल्यूसीडब्ल्यूच्या माणसाला डब्ल्यूडब्ल्यूएफच्या माणसाने ईसीडब्ल्यूच्या पट्ट्यासाठी हरवलं. स्वतःच्या पट्ट्याच्या मॅचमध्ये स्वतःचा माणूस नाही! तिथंच कळायला पाहिजे होतं.

आणि कंपनीचा कर्ता पॉल हेमन ५ मार्च २००१ ला रॉवर कॉमेंट्री करताना दिसला. दिवाळखोरीच्या अर्जाला अजून महिना होता. माणूस शो रचण्यात एक नंबर, आजही, त्यात वाद नाही. पण ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी ते टीव्हीवर बघितलं असेल तेव्हा काय वाटलं असेल, तुम्ही उधारीवर माल देताय, तुम्हाला जास्त कळेल.

आयुष्य लाल मातीत गेलं. तुम्ही ज्याचं कौतुक करताय ती सरळ नुरा कुस्ती आहे. आधीच ठरलेल्या निकालाचा शेवटचा खेळ बघून लोक रडतात ह्याचं नवल वाटतं.
*– एक जुने पैलवान, गंगावेश*

वस्ताद, नमस्कार. निकाल ठरलेला असतो, शंभर टक्के. पण नुरा कुस्तीला खासबागेत पब्लिक शिव्या घालतं ते का, तर निकाली म्हणून तिकीट विकलं आणि आत मिलीभगत केली म्हणून. ईसीडब्ल्यूचं तिकीट काढणाऱ्याला आधीच माहीत असतं. ते नाटकच आहे, फक्त पडायचं ते खरं पडायचं. आपल्या शाहू महाराजांनी मैदान बांधलं १९१२ ला आणि त्याला खेटूनच पॅलेस थिएटर उभं राहिलं, आत्ताचं केशवराव भोसले नाट्यगृह, २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं ते. भिंतीच्या ह्या बाजूला कुस्ती, त्या बाजूला नाटक. ईसीडब्ल्यूवाले भिंतीवर बसलेले समजा. आणि योगायोग म्हणजे ज्या हॅमरस्टीन बॉलरूममध्ये त्यांचा शेवटचा पे-पर-व्ह्यू झाला ते मुळात १९०६ साली बांधलेलं ऑपेराचं थिएटर.

दुखापत मात्र नुरा नसते. ९ ऑगस्ट १९९७ ला साबू आणि टेरी फंक, दोऱ्यांच्या जागी काटेरी तार, साबूचा दंड फाटला, त्याने तो चिकटपट्टीने गुंडाळला आणि मॅच पुरी केली. फंक तेव्हा ५३ वर्षांचा. जपानात एफएमडब्ल्यू नावाची अशीच कंपनी, तिचा सगळ्यात लाडका गडी हायाबुसा, २२ ऑक्टोबर २००१ ला दोरीवरनं उलटी उडी मारताना पाय घसरला, मानेवर पडला, आणि अंग लुळं पडलं. पुढच्या फेब्रुवारीत ती कंपनी पण बुडली. रिंग म्हणजे लोखंडी सांगाड्यावर फळ्या आणि वर पातळ गादी, आपल्यासारखी तेल, ताक, हळद घालून उकरलेली माती नव्हे.

राहिलं रडण्याचं. ईसीडब्ल्यू अरेना म्हणजे हायवेच्या पुलाजवळचा बिंगो खेळायचा हॉल, दर खेपेला बरेचसे तेच लोक, त्याच खुर्च्यांवर. घरनं तवा, सळी असलं काय काय मारामारीसाठी आणून पैलवानांच्या हातात द्यायचे. ऑगस्ट १९९४ ला रिंगमधनं एक खुर्ची मागितली तर अख्ख्या हॉलने खुर्च्या फेकल्या, रिंगमधली माणसं खुर्च्यांखाली गाडली गेली. आपल्याकडं काटा जोड निकाली झाली की फेटे उडतात, पब्लिक हौदाकडं धावतं, ते तुम्ही अंगावर घेतलंय. त्यांचं ते तसं. असला हॉल बंद झाला तर माणूस रडणारच की, निकाल ठरलेला होता का नव्हता हे कोण बघतंय. तुम्ही दाराजवळ उभं राहून बघितलं असतं तर नाक मुरडलं असतं, पण शेवटपर्यंत थांबला असता, असं माझं आपलं मत.

माझा मुलगा आठवीत आहे. मोबाईलवर हे व्हिडिओ बघून पाण्याच्या टाकीवरून गादीवर उड्या मारतो. काय करावं?
*– एक आई, कसबा बावडा*

ताई, आधी टाकीची शिडी काढून ठेवा, आजच. मग त्याला वर हायाबुसाचं लिहिलंय ते वाचून दाखवा, तो वर्षानुवर्षं सराव केलेला माणूस होता. टेबल पातळ बघून निवडलेलं असतं, खालचा माणूस वरच्याला झेलत असतो, हे व्हिडिओत दिसत नाही. आणि नुसतं रागावून उपयोग नाही, ह्या वयात अंगात रग असतेच, जवळच्या तालमीत घाला. पहाटे उठून माती उकरायला लागली आणि जोर-बैठका सुरू झाल्या की संध्याकाळी टाकीवर चढायला जीव राहत नाही. खुराकाचा खर्च वाढेल, तेवढी तयारी ठेवा.

हे रेसलर किती वेळा रिटायर होतात हो? फेअरवेल, मग रियुनियन, मग परत फेअरवेल. पैसे उकळायचा धंदा.
*– राजारामपुरीतून, नाव नको*

धंदा आहेच, नाही कोण म्हणतंय. टेरी फंकने १९८३ ला जपानात निवृत्ती घेतली, पब्लिक ढसाढसा रडलं, आणि १९९७ ला तोच माणूस ईसीडब्ल्यूच्या पहिल्या पे-पर-व्ह्यूला चॅम्पियन झाला. त्याच सप्टेंबरमध्ये अमरिलोला, स्वतःच्या गावात, ब्रेट हार्टबरोबर परत 'शेवटची' मॅच, आणि वर्ष संपायच्या आत डोक्यावर स्टॉकिंग घालून वेगळ्या नावाने डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये हजर. एफएमडब्ल्यूचा संस्थापक ओनिता, त्याने ५ मे १९९५ ला कावासाकीच्या स्टेडियममध्ये हायाबुसाबरोबर स्फोटांच्या पिंजऱ्यात निरोपाची मॅच घेतली, दीड वर्षात परत. पुढं किती वेळा निवृत्त झाला हे त्याला तरी आठवत असेल का शंका आहे. आपले दारा सिंग बरे, १९८३ ला दिल्लीत निवृत्ती जाहीर केली आणि पाळली.

ईसीडब्ल्यूचं पण तसंच. २००५ चे दोन सांगितले, मग ऑगस्ट २०१० ला टीएनए कंपनीने ऑर्लँडोत हार्डकोर जस्टिस लावला, परत तीच माणसं, पोटं सुटलेली. ते सगळ्यांनी बघू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण एक लक्षात घ्या, ह्यांना पेन्शन नाही, फंड नाही, गुडघे गेलेले. फेअरवेलच्या तिकिटावर चार पैसे मिळत असतील तर मी एक तिकीट काढीन. साबू २०२५ च्या एप्रिलमध्ये लास व्हेगासला शेवटची मॅच खेळला, काटेरी तारेतच, आणि पुढच्याच महिन्यात गेला. त्याच्या बाबतीत तरी 'शेवटची' हा शब्द खरा ठरला, नको तसा.

ईसीडब्ल्यू परत टीव्हीवर लागायचं ना आपल्याकडं? मी लहानपणी बघितलंय, मग बंद कसं पडलं म्हणताय?
*– इचलकरंजीहून, एक वाचक*

तुम्ही बघितलं ते डब्ल्यूडब्ल्यूईचं. त्यांनी जून २००६ पासनं त्याच नावाने आठवड्याचा शो चालवला. सुरुवातीला सँडमन, साबू, ड्रीमर असे जुने होते, नंतर एकेक गळत गेले. तो बंद झाला १६ फेब्रुवारी २०१० ला, शेवटच्या एपिसोडला इझिकेल जॅक्सनने ख्रिश्चनकडनं पट्टा घेतला आणि पट्टाच बंद. तो शेवट तरी आधी जाहीर केलेला होता. मी बघितला, जेवता जेवता.