माती कोरडी पडली म्हणून रेल्वेगाड्या कमी करतात, ही सबब आहे का?

तुम्ही ऑगस्ट २०२५ मधलं इंग्लंडचं उदाहरण दिलंय. लंडन वॉटर्लू ते एक्सेटर मार्गावर माती सुकली म्हणून गाड्या कमी केल्या, आणि तुम्हाला ती सबब वाटते. सबब नाही. मी ३१ वर्षं रेल्वेत काढली, आधी गँगमन म्हणजे रुळांची देखभाल करणारा कामगार, शेवटची ९ वर्षं मेट म्हणजे त्या गँगचा मुकादम. परभणीच्या बाजूला. सगळी काळी माती.

तिथली चिकणमाती आणि आपली काळी, दोघींची खोड एकच. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. रुळांखालच्या मातीच्या भरावाच्या कडा आधी वाळतात, आतला गाभा ओला राहतो. मग एका बाजूचा रूळ बसतो आणि क्रॉस लेव्हल, म्हणजे दोन रुळांच्या उंचीचा मेळ, जाते.

एका मे महिन्यात आमच्या भरावाला भेग पडली. कोपरापर्यंत हात आत जायचा. ड्रायव्हर लोक झटका बसतो म्हणून सांगायचे. आम्ही पहाटे ऊन चढायच्या आत रुळांखाली खडी ठोकून पॅक करायचो, आठ दिवसांत रूळ पुन्हा खाली. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, ३० चं कॉशन लावा. खालची मातीच हलतीय." कॉशन म्हणजे तेवढ्या भागात गाड्यांना ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा. ते म्हणाले, "उन्हाळ्यात भरावाला काय होतंय? तुमच्या गँगचं पॅकिंगच कच्चं आहे."

शेवटी ट्रॉलीवरून आले, मी लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची पट्टी, रुळावर ठेवून दाखवली. संध्याकाळी कॉशन लागलं, पण गँगच्या डायरीत 'पॅकिंग निकृष्ट' असा शेरा पडला. जूनच्या पहिल्या पावसात पाणी त्या भेगेत शिरलं आणि भरावाची कडा घसरली. गाड्या हळू होत्या म्हणून निभावलं. शेरा मात्र कुणी खोडला नाही. चौदा माणसांनी मेमध्ये घाम गाळला होता.

आता इंग्लंडात गाड्या कमी का करतात, तर वाटेतल्या सॉल्सबरी स्टेशनच्या पुढे तो वॉटर्लू-एक्सेटर मार्ग बराचसा एकेरी आहे. एक गाडी हळू झाली की समोरून येणारी तिला वाट द्यायला क्रॉसिंगला थांबते, मग पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. आणि एका सरीनं भराव पूर्ववत होत नाही, ओल आतवर मुरायला महिने लागतात.

रूळ तापून वाकतात तो प्रकार वेगळा, त्यात हे मिसळू नका. मुरमाच्या भरावावर हा त्रास असा होत नाही, हेही खरं.

तुमच्या घरातलं कुणी ट्रॅकच्या कामाला लागलं तर सांगा, मोजलेली लेव्हल तारखेसकट स्वतःच्या वहीत लिही, साहेब बघतील म्हणून थांबू नको. मी त्या मेमध्ये लिहिली नव्हती.