मंडळ कृषी अधिकारी म्हणून रुजू झालोय, सजे (एकेका कृषी कर्मचाऱ्याकडची गावं) रिकामे, स्टाफ ऐकत नाही. काम कसं करून घ्यावं?

तुमच्या मंडळात माणसं कमी आहेत, हे गाऱ्हाणं वरिष्ठांपुढे मांडा, पण त्यावर विसंबून राहू नका. गावपातळीवरच्या कृषी सेवकांची भरती विभागवार निघते. मराठवाड्यात कृषी खात्याचे लातूर आणि संभाजीनगर असे दोन विभाग. त्यात तुमचा शब्द कोणी विचारत नाही. तुमच्या हातात एकच मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे अतिरिक्त कार्यभार कोणाला द्यायचा.

इथंच बहुतेक साहेब चुकतात. जो निमूटपणे काम करतो त्याच्याच गळ्यात रिकामा सजा, कारण तो नाही म्हणत नाही. वर्षभरात तोही बदलीच्या अर्जामागं लागतो. मी तालुक्याला होतो तेव्हा नकाशा बाजूला ठेवून रस्ते बघायचो. कागदावर शेजारी असलेली दोन गावं मधे नदी असली की पावसाळ्यात कोसभर लांब. एका गाडीवाटेवरची गावं एकाला दिली की पंचनामे निम्म्या वेळात होतात. पंचनाम्याला तलाठी आणि ग्रामसेवकही लागतात, म्हणून त्यांचे भेटीचे वार आधी विचारून घ्या.

दुसरं, ग्रुपवर रोज माहिती मागवणं थांबवा. 'तात्काळ', 'आजच', 'फोटोसह'. वरून आलेलं तसंच खाली ढकलायला अधिकारी कशाला हवा? जी आकडेवारी कार्यालयातल्या जुन्या अहवालात आहे ती तिथूनच भरा. मे महिन्यात माणूस सोयाबीनच्या उगवण चाचणीला गावात पाहिजे. घरच्या बियाण्याचे शंभर दाणे गोणपाटात ठेवून सत्तरच्या आत उगवले तर बियाणं बदला किंवा एकरी प्रमाण वाढवा, हे तेव्हाच सांगितलं तर उपयोग. जूनमध्ये दुबार पेरणीची वेळ आल्यावर शेतकरी त्याला गावात शिरू देईल का?

खरंच कामचुकार असेल त्याला तोंडी ओरडू नका, तो ग्रुपवर हसतो. दैनंदिनी आणि फिरती पडताळा, ज्या गावाला गेलो म्हणतो तिथल्या दोन शेतकऱ्यांना फोन करा, मग लेखी ज्ञापन (खुलासा मागणारं पत्र) द्या. गोपनीय अहवालात लिहायची वेळ आली तर हेच कागद कामी येतात. आणि मुख्यालयी राहत नाही म्हणून घरभाडे भत्त्यावरून भांडू नका. पेरणीच्या दिवसांत सकाळी शिवारात दिसतो ना, एवढं बघा. त्या वादात तुमचाच पहिला खरीप जाईल.