गणित सोडू देऊ नका

पत्र : मी सातपूरला एका कंपनीत फिरत्या शिफ्टमध्ये काम करतो. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. नातेवाईक म्हणतात, पीसीबी घे, गणित सोड, नीटचा क्लास लाव. तिला डॉक्टर व्हायचंच नाही. मेंदूतल्या कोणत्या पेशींना उजेड कळतो आणि तेव्हा त्यांच्यातली कोणती जनुकं चालू होतात, ते शोधायचंय म्हणते. यात पोट भरेल का? आणि गणित सोडलं तर चालेल का? – एक वडील, नाशिक

नमस्कार,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण अकरावीच्या फॉर्मची तारीख थांबणार नाही. गणित ठेवा. पीसीएमबी घेऊ द्या.

पत्रात तुम्ही मुलीच्या विषयाबद्दल जरा संकोचाने लिहिलंय. तसं वाटून घेऊ नका. नाइट करून तुम्ही सकाळी घरी येता, आडवे होता आणि डोळा लागत नाही, त्यात याच पेशींचा मोठा हात आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका असतो. शरीराचं रोजचं घड्याळ तो लावतो. डोळ्याच्या पडद्यात मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असलेल्या थोड्याशा पेशी असतात. ‘उजाडलं’ हा निरोप पुंजक्याला मुख्यतः त्या पोचवतात. २०१७ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल या घड्याळाच्या जनुकांवरच्या कामाला मिळालं. ते काम फळमाशीवरचं होतं. सस्तन प्राण्यांमधलं बरंच काही अजून उलगडायचं आहे.

उंदराला रात्री थोडा वेळ उजेड दाखवला, की तासाभरात या पुंजक्यातल्या काही पेशींमध्ये फॉस आणि पीरियड-१ ही जनुकं जोरात चालू होतात. काहीच पेशींमध्ये, सगळ्या नाही. तोच उजेड भर दुपारी दाखवा, जवळपास काही घडत नाही. उजेड तोच, पेशी त्याच, वेळ बदलली की उत्तर बदललं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री बराच वेळ जागी होते.

आता गणित कुठे येतं ते सांगते. प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, पण सगळी एकाच वेळी चालू नसतात. कोणतं किती चालू आहे, ते त्याच्या आरएनएच्या, म्हणजे चालू जनुकावरून पेशी काढते त्या नकलांच्या, प्रती मोजून कळतं. लासलगावच्या बाजार समितीत रोजची आवक लिहितात, तसाच हा तक्ता समजा. फक्त इथे माल म्हणजे वीस हजारांहून जास्त जनुकं आणि बाजार म्हणजे हजारो पेशी, एकेक वेगळी. उजेडात ठेवलेल्या आणि अंधारात ठेवलेल्या उंदरांचे तक्ते शेजारी ठेवून फरक शोधायचा. सोमवारी आवक वाढली, ती रविवारच्या सुट्टीमुळे की खरंच माल जास्त आला, हे एका दिवसावरून ठरत नाही. इथेही तेच. त्यासाठी संख्याशास्त्र लागतं, आणि आर किंवा पायथन या कॉम्प्युटरच्या भाषांमध्ये स्वतः कोड लिहावा लागतो.

शिवाय एक खोच अशी, की मेंदूचा तुकडा उबदार द्रावणात विरघळवून पेशी सुट्या करताना फॉस त्या धक्क्यानेच चालू होतं. मग दिसलं ते उजेडामुळे की आपल्या हाताळणीमुळे? म्हणून पुष्कळदा पेशीऐवजी तिचं केंद्रक थंडीत वेगळं काढतात, म्हणजे हाताळताना जनुकं नव्याने चालू होत नाहीत. असा संशय घेता येणं हीच या कामातली खरी हुशारी, आणि गणिताला घाबरणाऱ्या मुलांना ती फार अवघड जाते.

या कामात उंदीर मारावे लागतात. हे तिला आत्ताच सांगा. नकोच वाटलं, तर फक्त कॉम्प्युटरवरच्या विश्लेषणाची वाटही आहे, तीही तितकीच मोलाची.

बारावीनंतर पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत प्रवेशासाठी आयएटी परीक्षा असते. तिच्यात जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. गणित सोडलेल्या मुलाचा पाव पेपर तिथेच जातो. भुवनेश्वरच्या नायसर या तशाच संस्थेसाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा द्यावी. नाही जमलं तर नाशिकमध्येच केटीएचएम किंवा आरवायके कॉलेजला बीएस्सी करून पुढे एमएस्सीच्या प्रवेशाची जॅम परीक्षा देता येते. त्यात कमीपणा काही नाही.

पोटाचं स्पष्ट सांगते. पाच वर्षांचं बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र), त्यापुढे पीएचडीची साधारण पाच-सहा वर्षं. पीएचडीसाठी नेट-जेआरएफ ही सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार आणि वर घरभाडं. म्हणजे पंचविशीच्या आत तुमच्यावरचा भार उतरू शकतो. प्राध्यापकाच्या कायम जागा मात्र कमी आहेत, त्यांच्या भरवशावर बसू नका. डेटाचं विश्लेषण ज्याला नीट येतं, त्याला औषध कंपन्या आणि कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळाही घेतात. याही कारणाने गणित हवं.

सुट्टीत तिला एक काम द्या. तुमच्या शिफ्ट, झोपायची-उठायची वेळ आणि खोलीत उजेड किती होता, हे महिनाभर रोज वहीत लिहायला सांगा. खिडकीला जाड काळा पडदा पंधरा दिवस नसू दे, पुढचे पंधरा दिवस लावा. पण दोन्ही पंधरवड्यांत नाइट सारख्याच यायला हव्यात, नाहीतर फरक पडद्याचा की शिफ्टचा ते कळणार नाही. ही अडचण तिला आधी सांगू नका, ती स्वतः पकडते का बघा. नंतर वही घेऊन दोघं भेटायला या.