नक्षी झुनी, भांडं होपी

प्रश्न : सध्या मुलाकडे अमेरिकेत, फिनिक्सला आले आहे. इथे जुन्या वस्तूंच्या दुकानात एक पांढरा वाडगा आवडला. दुकानदार सांगतो, होपी या इथल्या आदिवासींचा आहे, १८८० च्या सुमाराचा. शेजारीण म्हणते, नक्षी तर झुनी आदिवासींची! शिवाय पांढऱ्या रंगाला बारीक तडे आहेत. फसवणूक तर नाही ना?
– एक वाचक

उत्तर : ताई, दोघंही खरं बोलत असतील. झुनी वस्ती न्यू मेक्सिकोत, होपींची गावं ॲरिझोनात. मध्ये दीडशेहून अधिक किलोमीटर. १८५० ते ७० च्या दरम्यान होपींवर देवीची साथ आणि दुष्काळ कोसळले, तेव्हा कितीतरी कुटुंबं झुनींच्या आसऱ्याला गेली. पाऊसपाणी सुधारल्यावर परतली, ती हातात नवी नक्षी घेऊनच. मडकी बायकाच घडवायच्या. चार वर्षं झुनी शेजारणीचं काम बघितलं की हात तसा वळणारच. वळलेल्या चोचीसारखे आकडे आणि त्यांच्या पोटात दाट समांतर रेघा दिसतात का बघा. झुनींच्या नक्षीतला हा पाऊस-पक्षी.

तड्यांना घाबरू नका. चाक नाही, मातीच्या वळ्या रचून भांडं वर चढवायचं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा. लेप एका मापाने आकसतो, आतली माती दुसऱ्या. मग दुधावरची साय सुरकुतते तसा तो तडकतो. माझ्याही किती ताटल्या अशाच गेल्या! त्या काळच्या होपी भांड्यांवर हे तडे हमखास दिसतात. उलट नितळ पांढरं दिसलं असतं तर मला शंका आली असती.

होपी प्रदेशातल्या हानो गावची कुंभारीण नाम्पेयो (मृत्यू १९४२) तरुणपणी असंच पांढरं काम करायची. पुढे तिने तो लेपच सोडला. जवळच्या सिक्यात्की या ओसाड गावातल्या जुन्या खापरांवरची नक्षी उचलली आणि घोटलेल्या पिवळ्या मातीवरच रंगवू लागली. आज लोक ‘होपी’ म्हणून ओळखतात ते हे पिवळं. शेजारीण बहुधा तेच डोळ्यांपुढे ठेवून बोलतेय.

दुकानदाराला वाडगा पालथा करायला सांगा. लेप उडालेल्या जागी माती पिवळट-नारिंगी दिसली तर होपी असण्याकडे माझा कौल. किमतीचं मात्र मला विचारू नका. मी मडकी घडवते, असली विकत घेणं मला कुठलं परवडायला!